मधले अंतर कसे भरावे?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व या विषयावर कोणीतरी बोलतो, आणि आपण ते शांतपणे ऐकून घेता. शिक्षणाचे महत्त्व आपणांस ठाऊक नसते तर आपण आपली मुले या शाळेत पाठवलीच नसती. म्हणून आज मी तो विषय बाजूला ठेवून एका लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहे. दोन खुणा आपल्याला माहीत असतात, त्यांच्या मधले माहीत नसते. ते मधले आपण कसे भरतो? गणितात, यंत्रात, घड्याळाच्या काळात आणि घरात हे काम आपण रोज करतो. ते चुकले तर काय होते, हे मला दोन वेळा अनुभवाने कळले आहे. एकदा होडीत आणि एकदा वर्गात.

होडीची गोष्ट आधी सांगतो. मी बी. ए., बी. एड. आहे. माझा विषय भूगोल, पण शाळेच्या गरजेमुळे गेली सहा वर्षे गणिताचे तासही माझ्याकडे आहेत. एका सुट्टीत मी व माझे एक स्नेही देवबागच्या बाजूला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, लहान होडी घेऊन गेलो होतो. परतीच्या वाटेवर पाण्याखाली वाळूचा उंचवटा होता. सकाळी ९ वाजता भरती पूर्ण होती आणि दुपारी ३ वाजता ओहोटी संपायची होती. पाणी एकंदर सुमारे १ मीटर ८० सेंटिमीटर उतरायचे होते. मी लगेच हिशेब केला. ६ तासांत १८० सेंटिमीटर, म्हणजे तासाला ३०. भरतीला उंचवट्यावर १७५ सेंटिमीटर पाणी असते. दुपारी १ वाजेपर्यंत १२० उतरेल आणि ५५ उरेल. होडीला ४५ पुरे. तेव्हा १ वाजेपर्यंत काळजी नाही!

दुपारी १ वाजता होडी वाळूत रुतून बसली. संध्याकाळी ५ वाजून गेल्यावर ती पुन्हा तरंगली. मधले चार तास आम्ही उन्हात काढले. किनाऱ्यावर आलो तेव्हा शेजारचे एक वृद्ध तांडेलचाचा जाळे सांधत बसले होते. माझा हिशेब ऐकून ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, पाणी घड्याळाच्या काट्यागत चालत नाय. पयला आळसता, मगे धावता, मगे परत आळसता."

चाचांनी जे एका वाक्यात सांगितले त्याचा खलाशांमध्ये एक जुना नियम आहे. एकंदर उताराचे बारा भाग करावेत. पहिल्या तासाला एक भाग उतरतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. माझ्या त्या दिवशीच्या आकड्यांना हा नियम लावा. १५, ३०, ४५, ४५, ३०, १५. चार तासांत १३५ सेंटिमीटर. म्हणजे उंचवट्यावर ५५ नव्हे, ४० सेंटिमीटर पाणी उरले होते. माझी दोन्ही टोके बरोबर होती. ९ ची भरती बरोबर, ३ ची ओहोटीही बरोबर. चूक मधल्या भागात होती. मी टोकांना सरळ रेषेने जोडले. पाण्याचा स्वभाव सरळ रेषेचा नाही.

हा नियमही ढोबळ आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि खाडीत वारा व पावसाचे पाणी आपले वेगळे काम करतात. तरीही सरळ रेषेपेक्षा हा नियम खरा, कारण तो पाण्याचे वागणे पाहून केलेला आहे.

आपल्या वाडवडिलांचा असाच दुसरा नियम तिथीचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. यामागचे गणित सोपे आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती साधारण दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास येते. ही दोन टोके झाली. मधल्या १५ तिथींत भरती १२ तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. ४८ ने तोंडी गुणणे कठीण, म्हणून ४५ मिनिटे म्हणजे पाऊण तास धरला. पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची चूक साचते, पण अमावास्या वा पौर्णिमा झाली की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि साचलेली चूक पुढे जात नाही. शिवाय भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. त्यामुळे गोव्याला ती मुंबईच्या आधी पोचते, आणि आपण या दोघांच्या मध्ये आहोत. नियम मुंबईला लागला तर आपल्याकडे थोडा वेळ वजा करावा लागतो. म्हणजे काळाचे मधले अंतर भरायचे आणि जागेचेही भरायचे. चाचांना शाळा चौथीपर्यंतच मिळाली, पण हे दोन्ही हिशेब त्यांना तोंडपाठ आहेत.

रमजानचे वेळापत्रक आपण सर्व पाहतो. मुंबईच्या वेळा छापलेल्या असतात आणि खाली इतर गावांसाठी काही मिनिटे अधिक-उणे दिलेली असतात. सूर्याला एक रेखांश ओलांडायला ४ मिनिटे लागतात. मालवण मुंबईच्या पूर्वेला अर्ध्या अंशाहून थोडे अधिक आहे, म्हणून आपली मध्यान्ह मुंबईच्या सुमारे अडीच मिनिटे आधी होते. सूर्यास्ताला मात्र एवढे पुरत नाही. आपण मुंबईच्या दक्षिणेला असल्याने ऋतूप्रमाणे हा फरक कमी-जास्त होतो. जो इफ्तारची मिनिटे काढतो त्याला सरळ रेषेवर विसंबून चालत नाही.

या मधल्या अंतराचे शास्त्र फार जुने आहे आणि त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६६५ मध्ये 'खंडखाद्यक' हा ग्रंथ लिहिला. त्यात १५-१५ अंशांवरच्या ज्यांचे एक छोटे कोष्टक येते. त्रिज्या १५० धरली तर ६० अंशांची ज्या १३० आणि ७५ अंशांची १४५. आता साडेसदुसष्ट अंशांची किती? आपण म्हणू, मधली, म्हणजे साडेसदतीस अधिक शंभर, १३७.५. ब्रह्मगुप्ताने विचारले, वाढ कोणत्या गतीने होत आली आहे? मागच्या टप्प्यात ती २४ होती, या टप्प्यात १५ आहे. म्हणजे वाढ मंदावत आहे. जी गोष्ट मंदावत असते ती टप्प्याच्या पहिल्या अर्ध्या भागात अधिक चालते आणि दुसऱ्यात कमी. ही सुधारणा त्याने एका सूत्रात बसवली. त्याप्रमाणे उत्तर येते १३८.६२५. खरे उत्तर सुमारे १३८.५८. सरळ रेषेची चूक एकाहून अधिक, ब्रह्मगुप्ताची अर्ध्या दशांशाहूनही कमी! पुढे अकराव्या शतकात अल्-बेरूनीने हिंदुस्थानचे शास्त्र अभ्यासून त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि कोष्टकातल्या दोन आकड्यांमधला आकडा काढण्याच्या रीतींवर त्यानेही काम केले. समरकंदला उलुग बेगच्या वेधशाळेत पंधराव्या शतकात ज्यांची अतिशय बारीक कोष्टके तयार झाली. ज्या पालकांनी शाळेत लॉगची कोष्टके वापरली असतील त्यांना उजव्या बाजूचे सरासरी फरकाचे रकाने आठवतील. ते रकाने याच कामासाठी होते.

या कामाला पुढे यंत्रे आली. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, यांनी १८७२-७३ च्या सुमारास भरतीचे भाकीत करणारे यंत्र बनवले. चंद्राची ओढ, सूर्याची ओढ, त्यांच्या अंतरातले बदल, या प्रत्येकासाठी त्यात एक फिरते चाक, आणि सर्व चाकांवरून नेलेली एकच दोरी. दोरीच्या टोकाची लेखणी कागदावर भरती-ओहोटीची वळणे काढीत असे. १८७९ मध्ये असेच एक यंत्र खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी लंडनमध्ये तयार झाले. मुंबईला अपोलो बंदरावरच्या पाणपातळीच्या नोंदी १८७८ पासून मिळतात. आधी पुष्कळ वेळा पाहणे, त्यावरून स्वभाव ओळखणे आणि मग मधले भरणे, असा हा क्रम आहे.

आजचा संगणक व आपल्या खिशातला मोबाईल हेच काम अफाट वेगाने करतात. दूरध्वनीवर आपला आवाज अखंड जातो असे वाटते. वास्तविक यंत्र सेकंदाला हजारो वेळा त्याची पातळी टिपते आणि पलीकडचे यंत्र मधले भरून आवाज पुन्हा उभा करते. हे चालते याचे कारण १९४९ मध्ये क्लॉड शॅनन यांनी स्पष्ट मांडले. आवाजातील सर्वांत जलद कंप सेकंदाला जितका, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा टिपले तर मधले सर्व अचूक भरता येते. त्याहून कमी वेळा टिपले तर नुसते अपुरे चित्र मिळत नाही, चक्क खोटे चित्र मिळते.

हे खोटे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. सिनेमात घोडागाडी पुढे धावत असते आणि तिची चाके उलटी फिरताना दिसतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात. दोन चित्रांच्या मध्ये चाकाचा एक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेच्या थोडा मागे थांबला, तर मधली हालचाल आपल्याला दिसत नाही. डोळा म्हणतो, चाक किंचित मागे गेले. पुढे धावणारी वस्तू मागे जाताना दिसते, आणि पाहणाऱ्याला आपल्या दृष्टीविषयी जराही शंका येत नाही. हे चाक मनात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

मोबाईलवरचा फोटो मोठा करताना यंत्र दोन ठिपक्यांमध्ये नवे ठिपके भरते. ते अंदाजाने भरलेले असतात. मूळ फोटोत जे नव्हते ते त्यात खरोखरचे म्हणून येऊ शकत नाही. मोठा केलेला अस्पष्ट फोटो पाहून कोणाला चोर ठरवण्याआधी हे आठवावे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न. एक तृतीयांश आणि एक द्वितीयांश यांच्या मधला अपूर्णांक सांगा. दोघांची सरासरी पाच द्वादशांश. आता एक तृतीयांश आणि पाच द्वादशांश यांच्या मधला? पुन्हा सरासरी. हे कधीच संपत नाही. गंमत अशी की असे सर्व अपूर्णांक मांडले तरी रेषा भरत नाही. दोनचे वर्गमूळ त्यांत कुठेच सापडत नाही. ही उरलेली छिद्रे भरून संख्यारेषा अखंड कशी मानावी हे रिचर्ड डेडेकिंड यांनी १८७२ मध्ये दाखवले. संगणकाला मात्र हे शक्य नाही. त्याच्या नेहमीच्या मोजणीत १ या संख्येला खरोखरीची शेजारीण संख्या असते आणि दोघींच्या मध्ये काहीही मावत नाही. ज्याची मोजपट्टी ठरलेली आहे त्याला तिच्या दोन खुणांमधले दिसत नाही. गुणपत्रिका हीसुद्धा एक मोजपट्टीच आहे.

आता काळाकडे वळू. वर्गात मी एक प्रयोग करतो. डोळे मिटायला सांगून टेबलावर दोन टिचक्या मारतो, मध्ये शांतता. मग तेवढ्याच वेळात पहिल्या व शेवटच्या टिचकीच्या मध्ये आणखी सात-आठ टिचक्या मारतो. बहुतेक मुले म्हणतात, दुसरा वेळ मोठा होता. कागदावरही असेच होते. दोन उभ्या रेघांमधले रिकामे अंतर आणि तेवढेच पण बारीक रेघांनी भरलेले अंतर शेजारी काढा. भरलेले मोठे दिसते. आणखी एक गोष्ट १८९० मध्ये विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने नोंदवली आहे. विविध अनुभवांनी भरलेला काळ जाताना झरकन जातो, पण मागे वळून पाहताना लांब वाटतो. रिकामा काळ जाताना संपत नाही, आणि आठवायला गेले तर हाती काही लागत नाही.

रोज्यातला मगरिबआधीचा शेवटचा अर्धा तास घड्याळाकडे पाहत बसलेल्याला किती लांब वाटतो, आणि स्वयंपाकघरात इफ्तारच्या तयारीत असलेल्या आईला तो कसा पुरत नाही, हे आपण दरवर्षी पाहतो. दहावीची परीक्षा आणि निकाल यांच्या मधले दिवस असेच असतात. जो मुलगा ते दिवस खाटेवर काढतो त्याला ते जाताना डोंगरासारखे वाटतात आणि पुढे एकही आठवत नाही. जो त्याच दिवसांत इंजिन दुरुस्तीला बसतो, पोहायला शिकतो किंवा इंग्रजीची वीस पाने रोज वाचतो, त्याच्या जमेला एक अख्खा मौसम राहतो. मित्रांनो, घड्याळाने दोघांना सारखेच दिवस दिलेले असतात.

आपल्या गावांतून पुष्कळ वडील आखातात किंवा जहाजावर आहेत. दोन वर्षांनी ते घरी येतात. मुलाच्या वाढीचा अंदाज करून बूट आणतात, आणि ते बूट पायात जात नाहीत. दोन वर्षांपूर्वीची सरासरी वाढ त्यांनी पुढे ओढलेली असते, पण मूल त्या मधल्या काळात एकदम वाढलेले असते. बूट बदलून मिळतात. पण त्याच अंदाजाने आपण मुलाच्या मनाचे, अभ्यासाचे, संगतीचे मापही काढतो, आणि ते दुकानात परत करता येत नाही.

आता वर्गातली गोष्ट. ती सांगताना मला संकोच होतो. आठवीतल्या एका मुलीला गणितात पहिल्या सत्रात ६८ गुण होते, वार्षिक परीक्षेत ३९. मी दोन आकडे पाहिले आणि होडीतल्यासारखीच सरळ रेषा ओढली. मुलीचे लक्ष हळूहळू उडत गेले आहे, असे मी तिच्या वडिलांना सांगितले. ते खलाशी माणूस, फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगता ते खरेच असणार. मग पुढच्या वर्षी घरीच राहू दे तिला. घरात कामाला माणूस नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट आणि घटक चाचण्यांचे कागद काढले. ते माझ्याच कपाटात होते. सत्रानंतरच्या पहिल्या दोन चाचण्यांत ती पूर्वीसारखीच होती. मग सलग तीन आठवडे गैरहजर. त्यानंतरच्या प्रत्येक चाचणीत गुण कोसळलेले. चौकशी केली तेव्हा कळले, आईला कावीळ झाली होती आणि तीन आठवडे घर, धाकटा भाऊ आणि आईचे पथ्य या मुलीने सांभाळले होते. नेमक्या त्याच आठवड्यांत मी बैजिक राशींचे अवयव शिकवले होते. पुढचे सर्व धडे त्याच्यावर उभे. तिचे लक्ष कधीच उडाले नव्हते. ती परत येऊन रोज वर्गात बसत होती, आणि काही समजत नाही हे सांगायला भीत होती. चाक पुढे फिरत होते. मी दोनच चित्रे पाहिली आणि ते मागे फिरते असे ठरवले.

हळूहळू उडालेल्या लक्षावर आपण रागावतो. तीन आठवड्यांच्या खड्ड्यावर रागावून उपयोग नसतो. तो खड्डा भरावा लागतो. मी त्यांच्या घरी गेलो आणि माझे बोलणे चुकले असे सांगितले. बारा संध्याकाळी तो एक धडा पुन्हा घेतला. मुलगी नववीत बसली. पुढे दहावीला तिला गणितात ५८ गुण मिळाले. हे काही फार मोठे यश नव्हे, पण तिची शाळा सुटली नाही. तिचे वडील आजही मला सलाम करतात. "तुम्ही सांगता ते खरेच असणार," असे मात्र ते पुन्हा म्हणालेले नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

यावरून शिक्षक म्हणून मी एक शिस्त लावून घेतली आहे. कोणत्याही मुलाविषयी पालकांशी बोलण्याआधी मी निदान पाच नोंदी पाहतो आणि हजेरीपट उघडतो. एवढ्याने सर्व कळते असे नाही. आताच सांगितले की कितीही बिंदू मांडले तरी रेषा भरत नाही. पण दोनपेक्षा पाच बरे, आणि त्याहून बरे म्हणजे मुलालाच विचारणे.

पालकांना माझी विनंती आहे. आपण शाळेत दोनदा येता, प्रवेशाला आणि निकालाला. ही दोन टोके झाली. मध्ये पहिल्या सत्राच्या आधी एकदा आणि दुसऱ्या सत्राच्या मध्यावर एकदा या. घरात आजारपण असेल, लग्न असेल, मुलाला होडीवर न्यावे लागले असेल तर त्याच आठवड्यात आम्हाला कळवा. चिठ्ठी पाठवा, मोबाईलवर दोन शब्द सांगा. बुडालेला धडा आठवड्यात भरता येतो. वर्षाने तो भरायला वर्ष लागते. जे वडील परमुलखात आहेत त्यांनी फोनवर "किती गुण मिळाले?" हा प्रश्न शेवटी ठेवावा आणि "आज काय शिकलास?" हा आधी विचारावा.

विद्यार्थी मित्रांनो, आपण गैरहजर राहिलात तर त्या दिवशी वर्गात काय झाले ते दुसऱ्याच दिवशी विचारून घ्या. समजले नाही असे सांगायला लाजू नका. पाण्याखालची वाळू कोणी सांगितल्याशिवाय दिसत नाही. मी त्या दिवशी चाचांना आधी विचारले असते तर चार तास उन्हात बसलो नसतो.

पहिल्या सत्राच्या आधी मी आपल्या सर्वांची शाळेत वाट पाहीन.